हँडब्रेक ओढलेलाच होता

१

शनिवारी दुपारी सूनबाई चहाचा कप घेऊन मागच्या शेडमध्ये गेली, तेव्हा जीप खाली आलेली होती आणि तिचा नवरा त्या जीपच्या खाली होता.

तिची किंकाळी ऐकून शेजारीपाजारी धावले. जीपचा पुढचा भाग हातांवर उचलला, त्याला ओढून बाहेर काढलं. पण उचलायला उशीर झाला होता, हे उचलणाऱ्यांनाही कळत होतं.

जीप जुनी होती. चारही चाकांनी रेटणारी, रस्ता नसेल तिथं जाण्यासाठी बनवलेली. आठवडाभर शाळेत भूगोल शिकवणारा हा माणूस शनिवार-रविवार तिच्या पोटात शिरून बसायचा. गंज खरवडायचा, पत्रा ठोकायचा, गिअरबॉक्स उघडून पुन्हा बसवायचा. घरात तिला सगळे 'म्हातारी'च म्हणत. "म्हातारीचे दात बसवले, आता कंबर बघतो," असं तो हसत सांगायचा. मदतीला धाकटा भाऊ असायचा आणि शाळेपासूनचा दोस्त, वेल्डर.

म्हातारीचा पुढचा आस ज्या दोन लोखंडी घोड्यांवर टेकवलेला होता, त्या वेल्डरनंच घडवून दिल्या होत्या. त्यातल्या एकीचा पाय जोडापासून निखळलेला सापडला. लोकांना तेवढं पुरलं. जोड कच्चा निघाला, दोस्तानंच दोस्ताचा घात केला, असं गल्लीभर झालं. पोलिसांनी अपघात म्हणून नोंद केली आणि ते गेले.

गेलेल्याची मावशी दोन गल्ल्या सोडून राहायची. अपघातातल्या गाड्या तपासण्यात तिच्या नोकरीची सगळी वर्षं गेली होती. पत्रा कसा चेपलाय ते बघून ड्रायव्हर खरं बोलतोय की खोटं, हे ती सांगायची. परिवहन खात्यात तिला तपासणीबाई म्हणत. पण या शेडमध्ये तिनं पाऊल टाकलं नव्हतं. बहीण गेल्यावर त्या दोन पोरांना तिनंच न्हाऊमाखू घातलं होतं. त्यातला थोरला ज्या गाडीखाली गेला, ती गाडी बघायची तिची छाती होत नव्हती.

मग एके दिवशी सकाळी वेल्डर तिच्या दारात येऊन उभा राहिला. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. आत ये म्हटलं तरी उंबऱ्याबाहेरच.

"मशीनची केबल कापून टाकली मी," तो म्हणाला. "आता कुणाचं काम करणार नाही. मावशी, तुम्ही एकदा ती घोडी बघा. माझाच जोड सुटला असेल तर तसं सांगा. पण सांगा. हे अधांतरी लटकणं सोसत नाही हो."

"आणि तुझाच असला तर?"

"तर मग झालं," तो म्हणाला.

ज्या आवाजात तो हे म्हणाला, त्या आवाजाला ती भ्यायली. तिनं चपला पायात सरकवल्या.

२

शेडची जमीन दाराकडे उतरती होती. धुतलेलं पाणी वाहून जावं म्हणून तसा उतार काढलेला. म्हातारी दाराकडे तोंड करून गुडघे टेकल्यासारखी बसली होती. ज्या फरशीवर तो पडला होता ती कुणीतरी घासून धुतली होती. मावशीनं तिकडे बघायचं टाळलं.

तिनं निखळलेली घोडी उचलून उजेडात धरली. मग दुसरी पाहिली. मग दोन्ही खाली ठेवून ती फरशीवर ओणवी झाली.

"जोड बघा ना," वेल्डर म्हणाला.

"बघितला. गप्प बस जरा."

कच्चा जोड भाराखाली सुटला, तर तेवढी एकच बाजू खाली बसते. गाडी कलते, दुसरी घोडी जागची हलत नाही. इथं दोन्ही घोड्या आडव्या झाल्या होत्या, दोन्ही एकाच दिशेला, दाराकडे. फरशीवर दोघींच्या पायांचे ओरखडे होते, तेही दाराकडेच गेलेले. आणि निखळलेला पाय भारानं फाकलेला नव्हता, कलंडून आपटल्यावर एका अंगाला मुरगळला होता.

ती मागच्या चाकांपाशी गेली. महिनोन् महिने गाडी एका जागी उभी होती. चाकं जिथं टेकली होती तिथं फरशीचा मूळ रंग राहिला होता आणि भोवती तेल-धुळीचा थर बसला होता. ते दोन स्वच्छ चौकोन आता चाकांच्या मागं उघडे पडले होते.

"घोडी आधी मोडली नाही," मावशी म्हणाली. "गाडी आधी पुढं सरकली. घोड्या नंतर पडल्या. तुझा जोड पडून तुटलाय, पडायच्या आधी नाही."

वेल्डरनं ती घोडी उचलून जोडावरून अंगठा फिरवला. मग त्यानं मान वर केली. "पण सरकेल कशी? मागच्या चाकांना लाकडी ठोकळे लावले होते. सकाळी मीच लावले. आणि हँडब्रेक तर ओढलेलाच होता. लोकांनी गाडी उचलली तेव्हाही ओढलेला होता, मी डोळ्यांनी पाहिलंय."

मावशीनं वाकून आत पाहिलं. हँडब्रेक खरंच वर ओढलेला होता. तिनं वेल्डरला मागून सगळा जोर लावून ढकलायला सांगितलं. गाडी तसूभरही हलेना. ब्रेक पक्का होता.

ठोकळे मात्र चाकांपाशी नव्हते. शेडमध्येही कुठं नव्हते.

म्हणजे कुणीतरी ठोकळे काढले होते आणि ब्रेक सोडला होता. आणि थोरला गाडीखाली चिरडल्यावर कुणीतरी तो ब्रेक पुन्हा वर ओढला होता.

३

धाकट्याचं टायरचं दुकान होतं. मावशी गेली तेव्हा तो ट्यूबला ठिगळ लावत होता आणि तिच्याकडे न बघताच बोलत होता.

"त्या दिवशी दुपारी तू कुठं होतास रे?"

"इथंच. कुठं जाणार?"

"शेजारचा पानवाला म्हणतो, दुकानाला कुलूप होतं."

त्याचा हात थांबला. "मावशी, तू माझी उलटतपासणी घेतेस?"

"घेते. तुम्हा भावांचं वाजलं होतं ना, त्याच्या आदल्या रविवारी?"

वाजलं होतं आणि सगळ्या गल्लीनं ऐकलं होतं. धाकट्याचं म्हणणं, बाबांना आता घरी सांभाळणं होत नाही. गॅस उघडा टाकतात, भलत्याच्या घरात शिरून बसतात. त्यांना आजाऱ्यांच्या आश्रमात ठेवू. थोरल्याचं म्हणणं, माझ्या जिवात जीव आहे तोवर नाही. आणि त्याचा सगळा भरवसा त्या जीपवर. बाबांनी उमेदीची सगळी वर्षं मोजणी खात्यात असलीच जीप हाकली होती, डोंगरात, नदीपात्रात. नातवंडांची नावं त्यांना आठवत नव्हती, पण म्हातारीच्या गिअरवर हात ठेवला की ते घाटाची वळणं सांगायला लागत. "गाडी रस्त्यावर आली की बाबाही येतील," असं थोरला म्हणायचा. "वेडा झालायस तू," असं धाकटा म्हणायचा.

"सकाळी तुम्ही तिघांनी काय काम केलं?" मावशीनं विचारलं.

"बॅटरी काढली. मी ती चार्जिंगला दुकानात आणली. ती बघ, अजून तिथंच पडलीय. स्वयंपाकघरातून नेताना ॲसिड ठिबकलं फरशीवर, वहिनी कडाडली माझ्यावर. मग वेल्डर आणि मी बाहेर पडलो. दादा म्हणाला, मी एकटाच आस घासत बसतो. ग्राइंडर लावून, कानाला आवाज अडवणारे ते मफ लावून बसला. मी हाक मारली तर ऐकूही गेली नाही."

"आणि मग तू कुठं गेलास?"

तो पुन्हा ट्यूबकडे वळला. ठिगळावर अंगठा दाबून बसला.

"आश्रमात गेलो होतो," शेवटी म्हणाला. "खोली बघायला. दादाला न सांगता. खिडकी बागेकडे उघडते, असं ती बाई सांगत होती आणि मी माना डोलावत होतो. तेवढ्यात फोन आला." त्यानं ट्यूब भिरकावली. "सांग जाऊन सगळ्यांना. भाऊ मरत होता तेव्हा मी बापासाठी खिडकी पसंत करत होतो."

मावशीनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. तो हात त्यानं झटकलाही नाही आणि धरलाही नाही. आश्रमातली बाई हे खरं की खोटं ते एका शब्दात सांगेल, हे तिला ठाऊक होतं. तो खोटं बोलत नव्हता.

मग राहिलं कोण?

४

सूनबाई डाळ निवडत बसली होती. निवडलेली डाळ पुन्हा त्याच सुपात टाकून पुन्हा निवडत होती.

"बाबा कुठे होते गं त्या वेळी?"

"झोपले होते." उत्तर फार पटकन आलं. "जेवले की झोपतात ते. मी स्वयंपाकघरात होते. चहा केला, घेऊन गेले. बाकी मला काही विचारू नका, मावशी. पाया पडते."

"तू जीपला हात लावलास?"

"मला गाडीतलं काय कळतंय? मला सायकलसुद्धा येत नाही."

मावशी उठली आणि पुन्हा शेडमध्ये गेली. या खेपेला ती ड्रायव्हरच्या जागेवर चढून बसली. गाडीवर सगळीकडे धूळ होती. मागच्या बाकावर बोटानं नाव लिहिता येईल इतकी. फक्त ड्रायव्हरची सीट आणि स्टिअरिंगचं चक्र ओल्या फडक्यानं पुसलेलं होतं. गिअर मोकळा होता. आणि डॅशबोर्डवर, चक्राच्या डाव्या अंगाला, एक छोटीशी मूठ चांगली दोन बोटं बाहेर ओढलेली होती.

चोक. थंड इंजिन सुरू करायचं असलं की जुन्या गाडीत तो ओढावा लागतो.

मावशी त्या मुठीकडे बघत राहिली. ज्याला माणूस मारायचा आहे तो ब्रेक सोडेल, ठोकळे काढेल. चोक कशाला ओढेल? चोक तोच ओढतो, ज्याला गाडी चालू करायची आहे. आणि बॅटरीच नसलेली गाडी चालू करायला कोण बसेल? बॅटरी काढली हे थोरल्याला माहीत होतं, धाकट्याला माहीत होतं, वेल्डरला माहीत होतं. फरशीवर ॲसिड पडलं म्हणून सूनबाईलाही माहीत होतं.

 हात आपोआप सीटखाली गेला. बोटांना लाकूड लागलं.

दोन्ही ठोकळे तिथं होते. एकावर एक, नीट रचून ठेवलेले. मारेकऱ्यानं ते लाथेनं उडवले असते. हे कुणीतरी प्रवासात लागतील म्हणून बरोबर घेतले होते.

तिची बहीण नवी नवरी होती तेव्हाची गोष्ट तिला आठवली. भाऊजी, म्हणजे या पोरांचे बाबा, सरकारी जीप घेऊन सासुरवाडीला आले होते आणि निघताना सगळ्यांना खोळंबून ठेवून चाकाखालचे ठोकळे वेचत होते. "मेहुणीबाई," ते तिला म्हणाले होते, "डोंगरात ठोकळा विसरला तो ड्रायव्हर घरी पोचत नाही."

५

भाऊजी खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. अंगात इस्त्रीचा सदरा, केस विंचरलेले. सूनबाई त्यांना लहान पोरासारखं टापटीप ठेवायची. मावशीला बघून त्यांचा चेहरा उजळला.

"आलीस? किती उशीर! मी केव्हाची वाट बघतोय."

ते तिला तिची बहीण समजत होते. हल्ली बरेचदा समजत. एरवी ती दुरुस्त करायची, अहो भाऊजी, मी धाकटी, असं म्हणायची. आज ती गप्प बसली आणि त्यांच्याजवळ स्टूल ओढून टेकली. आपण काय करतोय हे तिला कळत होतं आणि तिला स्वतःची किळस येत होती.

"गाडी काढणार होता ना तुम्ही?" ती म्हणाली.

"काढली ना! अगं, तुला घाटावर न्यायचं म्हणून काढली. ठोकळे उचलले, आत टाकले. ब्रेक सोडला, चोक ओढला. बटण दाबतोय तर ढिम्म. बॅटरी उतरली असणार." ते वैतागून हसले. "आणि तेवढ्यात पुढून दणकन बसली की गं खाली. मला वाटलं, चाक खड्ड्यात गेलं."

"मग?"

"मग काय, बसून राहिलो. साहेब येतील, धक्का मारायला माणसं आणतील म्हणून. तर ती पोरगी आली, चहा घेऊन. ती का एवढी घाबरली कोण जाणे. मला हाताला धरून उतरवलं, नळाखाली हात धुतले माझे. खसाखसा धुतले. दुखलं गं मला." त्यांनी तळहात तिच्यापुढे धरले. "थोरला कुठाय? शाळेतून आला नाही अजून?"

मावशीनं त्यांचे हात आपल्या हातात घेतले. याच हातांना गिअर बदलताना तिनं लहानपणी पाहिलं होतं आणि आपल्यालाही असं करता यावं असं तिला वाटलं होतं. त्याच वाटण्यानं तिला पुढं त्या नोकरीत नेलं होतं.

पाठीमागं भांडं पडल्याचा आवाज झाला. दारात सूनबाई उभी होती.

६

"ते झोपले नव्हते," मावशी स्वयंपाकघरात येऊन म्हणाली.

सूनबाईनं मान हलवली. रडली नाही. तिचं रडणं केव्हाच आटलं होतं.

"मी आधी ह्यांना पाहिलं, फरशीवर. मग वर पाहिलं तर बाबा चक्र धरून बसलेले. हसले माझ्याकडे बघून. म्हणाले, किल्ली कुठे ठेवलीस." ती ओट्याला टेकली. "ह्यांच्यात काही उरलं नव्हतं, मावशी. असतं तर मी बाबांना तिथंच टाकून ह्यांच्याकडे धावले असते. मग माझ्या मनात एकच आलं, की आता बाबांना नेतील. पोलीस नेतील, नाहीतर धाकटे भाऊजी आश्रमात नेतील. आणि हे तर सारखं म्हणायचे, माझ्या जिवात जीव आहे तोवर नाही."

"म्हणून सीट पुसलीस. ब्रेक ओढलास."

"ब्रेक तेवढा ठाऊक होता. हे कुठंही गाडी उभी केली की म्हणायचे, आधी हँडब्रेक. बाबांना आत नेलं, हात धुतले, निजवलं. आणि मग शेडमध्ये परत जाऊन ओरडले."

"आणि वेल्डर? तो मरायला टेकलाय, माहीत आहे तुला? त्यानं काय घोडं मारलं होतं तुझं?"

"माहीत आहे." तिनं पहिल्यांदा मावशीच्या डोळ्यांत पाहिलं. "रोज वाटायचं सांगावं. पण तो धडधाकट आहे, त्याला बायको आहे, तो सावरेल. असं म्हणून दिवस ढकलत होते. मी वाईट आहे, मावशी. पण रोज त्या हातांनी ते माझ्याकडे पोळी मागतात आणि मी देते. माझं काय होत असेल, ते तरी कोण बघतंय?"

 मागचं दार उघडंच होतं आणि पायरीवर धाकटा उभा होता. तो बॅटरी परत द्यायला आला होता. त्यानं ती हलकेच खाली ठेवली.

"अरे, थांब," मावशी म्हणाली. "थांब, त्यांना काही बोलू नकोस!"

तो थांबला नाही.

७

खिडकीपाशी उभं राहून धाकटा ओरडला ते शब्द गल्लीत कुणाला ऐकू गेले आणि कुणाला नाही, ते पुढं कुणी बोललं नाही. "तुम्ही मारलंत दादाला! तुम्ही ब्रेक सोडलात, तो खाली होता!"

आणि भाऊजींना समजलं. एरवी समोरचा माणूस न ओळखणाऱ्या त्या डोळ्यांत सगळं एकदम समजलं. त्यांनी थोरल्याचं नाव घेतलं, पाळण्यातलं, जे घरातही सगळे विसरले होते. मग ते खुर्चीतून खाली घसरले आणि त्यांच्या तोंडून असा आवाज निघाला, की धाकटा कानांवर हात ठेवून भिंतीला जाऊन चिकटला. सूनबाईनंच पुढं होऊन त्यांना छातीशी धरलं. तिच्या पदरात तोंड खुपसून ते हंबरडा फोडत राहिले आणि ती नुसती त्यांची पाठ थोपटत राहिली.

दुसऱ्या दिवशी मावशी वेल्डरकडे गेली. सगळं सांगितलं, काही झाकून ठेवलं नाही. तो कापलेल्या केबलचं टोक बोटांत फिरवत ऐकत होता.

"म्हणजे माझा जोड पक्का होता," तो म्हणाला.

"पक्का होता."

"मावशी," केबलकडे बघत तो म्हणाला, "त्यापेक्षा कच्चा असता तर बरं झालं असतं."

तिला वाटलं होतं, निदान एक माणूस तरी आज मोकळा होईल. तोही झाला नाही. लोकांना काय सांगायचं, हे त्यानं विचारलं नाही. तीच म्हणाली, की आजच गल्लीत सांगते, गाडी उतारावर सरकली, घोडीचा दोष नव्हता. मी तपासलंय म्हटल्यावर कुणी शंका काढणार नाही. कशी सरकली, ते तेवढं माझ्यापाशी राहील. त्यानं मान हलवली आणि केबल खाली ठेवली. जोडायला घेतली नाही.

आश्रमाचं सूनबाईनंच काढलं. "ती खोली आहे का अजून?" असं तिनं धाकट्याला विचारलं. ज्यासाठी तिनं एवढं झाकलं होतं, ते तिनंच हातातून सोडलं. मला ते हात बघवत नाहीत, एवढंच म्हणाली. धाकटा, ज्यानं ती खोली बघून ठेवली होती, तो "राहू दे ना वहिनी, राहू दे" म्हणत ओक्साबोक्शी रडला. पण ठरलं ते ठरलं.

रविवारी धाकट्याच्या गाडीतून त्यांना नेलं. मावशी मागं त्यांच्याशेजारी बसली. त्या दिवशी काय ऐकलं, हे भाऊजी संध्याकाळपर्यंतच विसरले होते. थोरला शाळेतून आला का, हे पुन्हा विचारू लागले होते. पण रडू मात्र गेलं नव्हतं. जेवताना, बोलताना, खिडकीबाहेर बघताना डोळ्यांतून पाणी चालूच होतं. ते त्याकडे दुसऱ्याच कुणाचं असल्यासारखं बघायचे, हातानं पुसायचे आणि पुन्हा गाल ओले व्हायचे.

"कुणी गेलं का गं आपल्यातलं?" त्यांनी मावशीला विचारलं.

पुढं स्टिअरिंगवरचे धाकट्याचे हात आवळले गेले.

"हो," मावशी म्हणाली. "लांबचं कुणीतरी होतं."

त्यांनी गालावरून हात फिरवला. ओली बोटं सदऱ्याला पुसली.

"लांबचं होतं," ते म्हणाले, "मग मला एवढं रडू का येतंय?"